घाडगेकाकांचं कॉलेज

घाडगेकाका नव्या माणसाला नाव विचारत नसत, कॉलेज विचारत. वाशीच्या आमच्या सोसायटीत मी राहायला आलो, सामान अजून जिन्यातच होतं, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून गंजीफ्रॉकातले एक गृहस्थ उतरले.

"कुठलं कॉलेज?"

मी सांगितलं.

"सरकारी. म्हणजे तुम्ही आपलेच. मग कॉलेजला परत काय दिलंत?"

हातात गॅसची शेगडी घेऊन मी उभा. "काही नाही."

"विचार करा, जाधव," माझ्या ट्रंकेवरचं नाव वाचत ते म्हणाले, आणि शेगडीचं दुसरं टोक धरून वर चढू लागले.

काका तुर्भ्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होते. एकटेच राहत. लग्नाचा विषय निघाला की "राहून गेलं" म्हणत, इस्त्रीला कपडे टाकायचे राहावेत तसं. बाकी बोलणं एकच. "आमची फी म्हणजे चिल्लर हो. मग मला बी.एस्सी. केलं कुणी? बाजारात काडेपेटी घेणाऱ्या प्रत्येक म्हातारीनं. तिनं टॅक्स भरलाय. आता तिची नात शिकायला आली, तर तिला धड टेस्ट ट्यूब नको?"

म्हणून कंपनीनं काढून टाकलेलं काचसामान ते साहेबांची सही घेऊन घरी आणत, बिल्डिंगभर फिरून रद्दी मागत आणि एकेक नळी तान्ह्या पोरासारखी गुंडाळत. साताऱ्याकडून भाजी घेऊन मार्केटात आलेले ट्रक रिकामे परतत. काकांचं कॉलेज त्याच वाटेवर; एखाद्या ड्रायव्हरला चहा पाजून खोकं त्याच्या स्वाधीन. "सावकाश हं. टोमॅटो समजा."

त्यांनी माजी विद्यार्थी मंडळही काढलं होतं. एका रविवारी मी रद्दी द्यायला गेलो, तर हॉलमध्ये सोसायटीच्या आठ खुर्च्या, पातेलंभर पोहे, आणि काका इतिवृत्त लिहीत बसलेले: 'उपस्थित: एक. ठराव एकमताने मंजूर.'

"लोकांना टेन्शनं असतात हो," ते म्हणाले. "तुम्ही पोहे घ्या."

एका वर्षी मी गावच्या जत्रेला निघालो, तर एस.टी.त काका शेजारी. मांडीवर खोकं. "ब्युरेट आहेत, लांब काचेच्या नळ्या. ट्रकवर भरवसा नाही." कॉलेज माझ्या वाटेवरच होतं, मीही उतरलो.

ऑफिसातला नवा क्लार्क खोकं बघून म्हणाला, "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही." काका हसले आणि सरळ लॅबकडे चालू लागले.

आत प्रॅक्टिकल चालू होतं. अनोळखी माणसं बघून एक मुलगी दचकली. हातातली पिपेट खाली पडून फुटली.

"भरून देते, सर," ती रडवेली झाली.

काका खाली बसून काचा वेचू लागले. "अगं, फुटायलाच असतात त्या. म्हणून तर आणतो. जेवलीस का तू?"

तास सुटल्यावर काका मला हळूच म्हणाले, "चुलत्यांकडं वाढलो मी. जेवलास का, हे पहिल्यांदा इथल्या लॅब असिस्टंटनं विचारलं. अर्धी भाकरी पुढं सरकवायचे. इथं, या टेबलावर."

खिडक्या लावून झाल्या. शिपाई किल्ल्या वाजवत दारात आला.

"पाच मिनिटं बसू का?" काकांनी त्याला विचारलं.

शिपायानं माझ्याकडे पाहिलं. मग किल्ल्या खिशात टाकल्या आणि बाहेर जाऊन उभा राहिला. काका टेबलाशी स्टुलावर बसले, दोन्ही तळवे टेबलावर टेकून.