बाराशे सत्तेचाळीस नंबरचा साथी

"काका, लोकेशन पाठवते." गाडीतून उतरणाऱ्या दिगंबर साळुंख्यांना ओजस्विनी म्हणाली.

"पोरी, फौजेत वीस वर्सं नकाशे शिकवलेत म्या. लडाखात याक जरी वाट चुकला तरी माझ्याकडं यायचा इचारायला. घरनंबर सांग नुसता."

"बाराशे सत्तेचाळीस. सेक्टर बत्तीस, नाव..."

"नाव त्यो सांगंल सवताच!" म्हणत सुभेदारसाहेबांनी रस्ता ओलांडलासुद्धा.

मनानं कोलमडलेल्या माणसाच्या घरी धावून जाणारं एक पथक होतं, ओजस्विनी त्याची प्रमुख. दिगंबर तिथले उमेदवारीवरचे 'साथी'. साथी म्हणजे डॉक्टर नव्हे. जो स्वतः कधीतरी त्याच खड्ड्यात पडून वर आलाय आणि म्हणून दुसऱ्याच्या खड्ड्याच्या काठावर निवांत बसू शकतो, असा माणूस. निवृत्तीनंतर दिगंबर अकरा महिने भिंतीकडे तोंड करून पडले होते. तीच त्यांची पदवी. पण आधीच्या दोन्ही भेटींत ते साथ द्यायची सोडून भाषण ठोकून आले होते. आजची तिसरी भेट फसली, तर गळ्यातलं कार्ड परत द्यायचं ठरलं होतं. शिवाय ज्यानं बोलावलं होतं, तो नऊ दिवस खोलीबाहेर पडला नव्हता. फोनवर म्हणाला होता, "एकच माणूस पाठवा, एकदाच. डॉक्टर नको."

आता चंदीगडची गंमत अशी, की इथं रस्ता चुकणं अशक्य आणि घर चुकणं फार सोपं. रस्त्याच्या अलीकडे बत्तीस, पलीकडे तेहतीस, आणि बाराशे सत्तेचाळीस दोन्हीकडे. दिगंबर तेहतीसात शिरले. शिकवल्याप्रमाणे दाराशी फोन बंद केला आणि बेल दाबली.

दार उघडलं बलकार सिंगांनी. सहा फूट देह, हातात अर्धवट सोललेला मुळा.

"मैं साथी हूँ जी. आपने याद किया था."

"हमने तो किसी को नहीं बुलाया जी. हम तो बिलकुल ठीक हैं."

दिगंबरांच्या काळजात चर्र झालं. तीन वर्षांपूर्वी पथक दाराशी आलं, तेव्हा तेही अगदी हेच म्हणाले होते. पलंगाखालून.

"कोई जल्दी नहीं. मैं बैठता हूँ." आणि समोरच्यापेक्षा उंच बसायचं नाही या नियमानं त्यांनी फरशीवरच मांडी ठोकली.

"ओ जी, सोफे पे बैठो!"

"नहीं जी. पहले आप का दिल हलका हो."

बलकार सिंग जितक्यांदा 'ठीक हूँ' म्हणत, तितकी दिगंबरांची खात्री पटत गेली. केस गंभीर आहे. भाषण मात्र द्यायचं नाही, या निर्धारानं त्यांनी आपलीच गोष्ट सांगायला घेतली. वर्दी उतरल्यावर सकाळी उठून करायचं काय, हेच कसं कळेना. बायकोनं खिडकी उघडली तरी कसं रडू यायचं. सांगता सांगता त्यांचेच डोळे भरले. बलकार सिंगांचे त्याआधीच.

"बेचारा," ते स्वयंपाकघरात बायकोला कुजबुजले. "चंगे घर दा लगदा है. तू लस्सी दे, मैं एहदे कार्ड वाले नंबर ते फोन करदा हां."

लस्सीचा दुसरा ग्लास संपतोय तोच बेल वाजली. दारात ओजस्विनी. तिच्यामागे दाढी वाढलेला, घरातल्या चपला घातलेला एक हडकुळा तरुण.

"काका! हेल्पलाइनवर पाठोपाठ दोन फोन आले. आधी बत्तीसातल्या या यतीनचा, तुमचा माणूस अजून पोचला नाही, बरा आहे ना तो? मग इथून, एक बुजुर्ग फरशीवर बसून रडताहेत, स्वतःला साथी म्हणवतात! दुसरा यायच्या आधीच मी यतीनला सांगितलं होतं, थांब, आमचा माणूस हरवलाय. तर हा थेट जिना उतरून गाडीपाशी. म्हणे, चला, शोधू."

यतीन दिगंबरांच्या शेजारी फरशीवर बसला.

"काका, घाई नाही. मी बसतो."

"आरं, म्या तुज्यासाठी आलोय! म्या ठीक हाय!"

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," यतीन म्हणाला. मग स्वतःच्याच बोलण्याचं त्याला हसू फुटलं. ते आवरेपर्यंत सरदारणीनं मुळ्याचे पराठे आणले. त्यानं अडीच खाल्ले.

बाहेर आल्यावर दिगंबरांनी गुपचूप कार्ड काढून पुढं केलं. "घे पोरी. याकाला वाट दावणारा मीच हुकलो."

"घाला ते गळ्यात. यतीननं पुढच्या गुरुवारी पुन्हा तुम्हालाच मागितलंय. फक्त एक अट आहे."

"कंची?"

"तुम्ही घर शोधायचं नाही. कोपऱ्यावरच्या सिग्नलपाशी उभं राहायचं. तो स्वतः येऊन तुम्हाला घेऊन जाईल."