सांवेरचा ससा

"यंदा दसऱ्याला आपल्या घरी ससा शिजणार. खाटकाकडे कुणी फिरकायचं नाही." असं संताजीरावांनी मल्हारगंजातल्या आपल्या घराच्या ओट्यावरून भर गल्लीत जाहीर करून टाकलं, तेव्हा त्यांच्याकडे ना ससा होता ना बंदूक. पण त्यांचा स्वभावच तसा. आधी सांगायचं, मग जमवायचं. होळकरांच्या फौजेत असताना हे खपून गेलं, कारण जमवणारे दुसरे होते. आता होळकर सरकार जाऊन मध्यभारत राज्य आलं होतं, फौज मोडली होती, आणि संताजीराव जकातीच्या चुंगीनाक्यावर नाकेदार म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यांची गाठोडी सोडायला लावत होते.

ससा हवा होता तो अप्पासाहेबांसाठी. अप्पासाहेब म्हणजे संताजीरावांचे वडील. उभी हयात दरबारच्या शिकारखान्यात गेलेली. दसऱ्याला सकाळी सांवेरकडच्या रानात जायचं, ससा मारायचा आणि संध्याकाळी त्याचे वाटे शेजारीपाजारी पाठवायचे, हा त्यांचा नेम कधी चुकला नव्हता. मग राज्य विलीन झालं आणि बंदुकांचे परवाने नव्याने काढा असा हुकूम आला. अप्पासाहेब म्हणाले, "दरबाराने दिलेली बंदूक आहे. तिच्यासाठी मी कुणाकडे अर्ज करणार नाही." त्यांनी अर्ज केला नाही आणि बंदूक ठाण्यात जमा झाली. तेव्हापासून म्हातारा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. एरवी पानात पडेल ते खायचे, पण दसऱ्याचं मटण समोर आलं की ताट सरकवायचे. "सणाला मी खाटकाने मारलेलं खात नाही," एवढंच म्हणायचे. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. वडिलांनी एकदा, फक्त एकदा तरी पुन्हा रानात जाऊन बसावं, याचा संताजीरावांनी ध्यासच घेतला होता. त्यांच्या सगळ्या फुशारक्यांमध्ये ही एकच गोष्ट खरी होती.

आणि योग पाहा, महूच्या छावणीतला एक साहेब बाडबिस्तरा गुंडाळून विलायतेला निघाला. त्याने घरातलं सामान विकायला काढलं. संताजीराव इंग्रजीसाठी शेजारच्या कृष्णरावांना सोबत घेऊन गेले. कृष्णराव रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून; भित्रे, पण इंग्रजी पक्कं. तिथे खुर्च्या आणि कपबश्यांच्या पसाऱ्यात संताजीरावांना ती वस्तू दिसली. बंदुकीसारखा दस्ता, खाली घोडा, पुढे आडवं बसवलेलं पोलादी धनुष्य, आणि तोंडाशी एक लोखंडी रिकीब. रिकिबीत पाय अडकवायचा, दोन्ही हातांनी दोरी ओढून खटक्यात अडकवायची, पन्हळीत आखूड बाण ठेवायचा आणि घोडा दाबायचा. क्रॉसबो. अगदी कोरी, एकदाही न वापरलेली.

"परवाना नको, बारूद नको, आवाज नाही," संताजीराव कृष्णरावांच्या कानात पुटपुटले. "ठाणेदार बघतच राहील."

साहेब बराच वेळ काहीतरी समजावून सांगत होता. संताजीरावांनी प्रत्येक वाक्याला "येस सर" म्हणून सलाम ठोकला.

परतताना कृष्णराव म्हणाले, "संताजीराव, साहेबाने तीन गोष्टी बजावून सांगितल्यात. आधी गवताच्या भाऱ्यावर बाण मारून हात बसवा. दोरी चढवून तशीच ठेवू नका, कारण एकदा चढवली की बाण सोडल्याशिवाय ती उतरत नाही. आणि बाण लावल्याशिवाय घोडा कधीही ओढू नका. रिकामा ओढलात तर धनुष्य मोडेल."

"हे साहेब लोकांसाठी असतं हो," संताजीराव म्हणाले. "त्यांना सगळं शिकवावं लागतं. आपल्या रक्तातच आहे."

घरी ती वस्तू अप्पासाहेबांच्या खाटेवर ठेवली, तेव्हा म्हातारा आधी हललाच नाही. मग एक हात मागे आला. दस्ता चाचपला, पोलादावरून बोटं फिरवली, घोडा सापडला. आणि अप्पासाहेब उठून बसले.

"आडवं धनुष्य आहे," ते म्हणाले. "वजन चांगलं आहे." थोड्या वेळाने हाक आली, "सूनबाई, माझा खाकी कोट कुठं आहे?"

इंदिराबाईंनी ट्रंकेतून कोट काढला, डांबराच्या गोळ्या झटकल्या, इस्त्रीत कोळसे घातले. इस्त्री करता करता त्यांनी दोनदा पदराने डोळे पुसले आणि धुराला नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी संताजीरावांनी परसात गवताचा भारा उभा केला. ते बाण काढतात तोच आतून काठी आपटल्याचा आवाज आला.

"काय चाललंय?"

"हात बसवतोय, अप्पा."

"पूजा न झालेलं हत्यार चालवतोस? खंडेनवमीला पूजा होऊ दे. आणि पूजा झाल्यावर पहिला वार शिकारीवर व्हायला पाहिजे, गवतावर नाही. आपल्या घरात असं कधी झालेलं नाही."

भारा गाईपुढे गेला. साहेबाची पहिली गोष्ट तिथे संपली.

खंडेनवमीला पाटावर लाल कापड अंथरून हत्यारं मांडली. पणजोबांची तलवार, एक कट्यार, एक गंजका भाला आणि मधोमध क्रॉसबो. अप्पासाहेब स्वतः येऊन बसले. त्यांनी पाटावरून हात फिरवला आणि हात मध्येच थांबला.

"हे ढिलं का? म्यानातलं हत्यार कुणी पूजतं का? तलवार उपसून ठेवलीस ना, मग हेही चढवून ठेव."

संताजीरावांना साहेबाचं बोलणं आठवलं असेलही. पण इतक्या दिवसांनी वडील काहीतरी मागत होते. त्यांनी रिकिबीत पाय घातला, श्वास कोंडला, मानेच्या शिरा फुगवल्या आणि दोरी ओढली. खट् असा आवाज झाला. वर एक बाणही पन्हळीत ठेवला, म्हणजे कसं शोभून दिसतं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आरती चालू असताना कृष्णराव प्रसादाला आले, त्यांनी पाटाकडे पाहिलं आणि ते दारातच खाली बसले.

"संताजीराव, हे माझ्याकडे रोखलेलं आहे."

खरंच होतं. देवघराच्या दारातून नीट रेघ काढली तर ती बाहेरच्या उंबऱ्यावर जात होती, आणि आज गल्लीतलं प्रत्येक माणूस त्या उंबऱ्यातून येणार होतं.

"उतरवा की मग," इंदिराबाई म्हणाल्या.

"वहिनी, ते उतरत नाही. बाण सोडावा लागतो."

"आणि पहिला वार शिकारीवर," अप्पासाहेब म्हणाले. "आणि पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत पाटावरून हलवायचं नाही."

झालं. त्या दिवशी घरात येणारी प्रत्येक बाई आधी बाहेरून विचारून घ्यायची आणि मग भिंतीला पाठ लावून आत सरकायची. शेवटी इंदिराबाई कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. "तो बाण आधी काढा. धनुष्य मोडलं तर मोडू दे, माणूस नको मरायला." संताजीरावांनी जपून बाण काढला आणि बाणांची सगळी जुडी पाटापुढे ठेवली. संध्याकाळपर्यंत तिच्यावर फुलांचा ढीग साचला.

दसऱ्याला पहाटेच अप्पासाहेब कोट घालून, काठी घेऊन ओट्यावर तयार. घाई घाई म्हणजे किती. संताजीरावांनी ताणलेली क्रॉसबो गोधडीत गुंडाळली. "सगळं घेतलं ना?" त्यांनी आत विचारलं. "सगळं आवरलं," इंदिराबाईंनी नदीवरून येऊन पाय धुता धुता उत्तर दिलं. दोघांनाही आपापल्या परीने ते खरंच वाटत होतं.

सांवेरच्या बसमध्ये कंडक्टर ओळखीचा निघाला. नाक्यावर त्याच्या बसची रोज झडती व्हायची.

"नाकेदार साब, गठड़ी में क्या है?"

"सितार," संताजीराव म्हणाले.

"अरे वा भिया. रोज आप हमारी गठड़ी खुलवाते हो, आज हम आपकी खुलवाएं? दो हाथ सुना दो, रस्ता कट जाएगा."

बस हसली. संताजीराव मात्र घामाने भिजले होते. रस्त्यात खड्डा आला की ते तान्ह्या पोरासारखं गोधडीला कवटाळायचे, कारण एक धक्का बसून रिकामा खटका सुटला की सगळंच आटोपलं. शेजारी अप्पासाहेब ताठ बसले होते. खिडकीतून कापलेल्या गवताचा वास आला की हळूच सांगायचे, "आता नाला येईल," आणि नाला यायचा.

रानात पोचल्यावर म्हाताऱ्याने काठी टाकून दिली. ज्वारीच्या कडेला बांधावर आपली जागा त्यांनी पायांनीच शोधून काढली. बसले, दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. संताजीराव त्यांच्या मागे बसून दिशा दाखवणार होते. थोडा वेळ गेला. ज्वारी हलली आणि ससा बाहेर आला. इतक्या जवळ, की त्याचं नाक हलताना दिसत होतं.

"डावीकडे. जवळच आहे," संताजीराव कुजबुजले.

"बाण लाव."

संताजीरावांनी गोधडी चाचपली. पिशवी चाचपली. मग त्यांना झेंडूचा ढीग आठवला, आणि पाय धुणाऱ्या इंदिराबाई आठवल्या. निर्माल्य. बाण फुलांसकट खान नदीत गेले होते.

"लावलास?"

नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण समोर वडिलांचा चेहरा होता, आणि तो चेहरा त्यांनी लहानपणी पाहिलेला होता. डोळे बारीक झालेले, ओठ मिटलेले, सगळ्या अंगाला सशाशिवाय दुसरं काही माहीत नाही. संताजीराव म्हणाले, "हो." त्यांना वाटलं, तेवढ्यात ससा पळेल.

ससा काही पळाला नाही. अप्पासाहेबांनी घोडा ओढला. कानठळ्या बसतील असा कडकडाट झाला, दोरी तुटली, धनुष्याचा एक हात मोडून बाभळीत जाऊन पडला. साहेबाची तिसरी गोष्टही संपली. सशाने दोघांकडे नीट पाहून घेतलं आणि मग तो सावकाश ज्वारीत गेला.

"लागला का?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"लागला, अप्पा."

"आण."

संताजीराव ज्वारीत जाऊन उभे राहिले. आयुष्यात इतकं कानकोंडं त्यांना कधीच झालं नव्हतं. एक मोठंसं ढेकूळ पिशवीत घालून ते परत आले.

"कान बघू दे," अप्पासाहेबांनी हात पुढे केला.

"रक्त आहे, अप्पा. कोट खराब होईल."

हात थोडा वेळ तसाच राहिला. "बरं," म्हणून म्हाताऱ्याने तो मागे घेतला.

मल्हारगंजात उतरल्यावर वडिलांना घरी पोचवून, "साफ करून आणतो," असं सांगत संताजीराव मागच्या गल्लीने खाटकाकडे धावले. ज्याच्याकडे कुणी फिरकायचं नाही असं जाहीर झालं होतं, त्याच्याकडे.

"बारीक करा, अगदी बारीक. सशाएवढं."

"क्या बात है भिया," खाटिक म्हणाला, पण त्याने बारीक केलं. अप्पासाहेबांवर त्याचा फार जीव. पुडी बांधताना, "ये बड़े साहब के लिए," म्हणत त्याने आपल्या मनाने एक नळी आत सरकवली. संताजीरावांचं लक्ष त्या वेळी कुणी पाहत तर नाही ना, इकडे होतं.

इंदिराबाईंना सगळं सांगितलं. बाणांचं ऐकल्यावर त्यांनी एकदा नदीच्या दिशेला पाहिलं, आणि मग त्या वाटण वाटायला लागल्या.

संध्याकाळी वाटे गेले. कृष्णरावांना मुद्दाम जेवायला बसवलं. अप्पासाहेब कोट घालूनच पाटावर बसले होते. इंदिराबाई वाढत होत्या. ज्या हाताने इतकी वर्षं सासऱ्यांना मानाची नळी वाढली, तो हात सवयीने पातेल्यात गेला आणि नळी उचलून अप्पासाहेबांच्या ताटात ठेवून मोकळा झाला. चांगली बोटभर जाड, बोकडाची नळी.

इंदिराबाईंचा हात तिथेच राहिला. कृष्णरावांनी आधी नळीकडे, मग संताजीरावांकडे पाहिलं. संताजीराव ताटाकडे बघत बसले.

अप्पासाहेबांनी बोटांनी नळी चाचपली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग उचलली, ताटावर ठकठक आपटली, तोंडाला लावून मगज ओढून घेतला आणि खाली ठेवली.

"मोठा होता ससा," ते म्हणाले.

आणि भाकरी मोडून ते जेवू लागले. किती वर्षांनी दसऱ्याचं ताट त्यांनी पुसून खाल्लं.

जेवण झाल्यावर परसात संताजीराव त्यांच्या हातांवर तांब्याने पाणी घालत होते. वाकलेल्या म्हाताऱ्याने वर न बघता, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हटलं, "बाण नव्हते, तर तसं सांगायचं होतंस रे. नुसतेच बसलो असतो थोडा वेळ. उद्या बाण घेऊन परत गेलो असतो."

संताजीराव पाणी घालत राहिले. त्यांना बोलायचं खूप होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच जाहीर करण्यासारखं काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोडकी क्रॉसबो माळ्यावर गेली. इंदिराबाईंनी खाकी कोट घडी करून ट्रंकेत ठेवला, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या. अप्पासाहेबांनी राहू दे म्हटलं नाही.