मेंढवाड्याचं तेरावं शतक

नऊ फेब्रुवारीच्या वादळात पेन-रिव या शेतवाडीवरच्या इद्वलच्या मेंढवाड्याची अठरा फूट भिंत पडली. जीवितहानी झाली नाही. चाळीस मेंढ्या गाभण होत्या, मार्चच्या मध्याला व्यायला लागणार होत्या, आणि त्या दिवसांत आमच्या डोंगरावर जो वारा सुटतो त्याला आडोसा म्हणून ही एकच भिंत होती. त्यामुळे इद्वल आणि त्याची बायको हाइल्वेन दुसऱ्या दिवशी सकाळीच चहाचा थर्मास घेऊन दगड पुन्हा रचायला लागले. आठवड्याभराचं काम होतं. इथवर या प्रकरणात काहीही चुकलेलं नव्हतं.

चूक माझी. मी ग्रामवारसा समितीचा चिटणीस. टेकडीवरच्या कॅस्टेल व्राण या आमच्या पडक्या किल्ल्यापाशी पर्यटकांसाठी एक बाक मिळावा, असा अर्ज मी तीन वर्षांपूर्वी अवशेष संवर्धन मंडळाकडे केला होता. हा किल्ला इंग्रजांच्या राजानं तेराव्या शतकात बांधला, आमच्या पूर्वजांनी बारा वर्षांत जाळला आणि पुढची जवळजवळ सातशे वर्षं सगळ्या गावानं मिळून तो दगडादगडानं घरी नेला. आता बाकापुरताच उरला आहे. माझ्या अर्जाची तातडीनं दखल घेऊन मंडळाच्या निरीक्षक लोवरी प्रॉसरबाई नेमक्या त्याच आठवड्यात आल्या, धुक्यात वाट चुकल्या आणि किल्ल्याऐवजी इद्वलच्या भिंतीपाशी पोचल्या.

भिंतीच्या उभ्या भागात, अगदी बुडाशी, एक चौकोनी भोक होतं. आमच्याकडे मेंढवाड्याला असं भोक ठेवतातच. कोकरानं पलीकडच्या कोवळ्या गवतात जावं आणि आईनं अलीकडे थांबावं, एवढाच त्यामागचा विचार. प्रॉसरबाई चिखलात गुडघे टेकून बसल्या.

"हे काय आहे, कल्पना आहे तुम्हाला?" त्यांनी भोकात डोकावत विचारलं.

"भोक," इद्वल म्हणाला.

"अहो, ही कोंडून घेतलेल्या साधूची खिडकी आहे! इथून त्याला पाव देत असणार!"

"बाई, इथून कोकरं जातात."

"आता जात असतील," बाई मायेनं म्हणाल्या आणि त्यांनी भोकाचे चाळीस फोटो काढले. शेजारी मेंढ्यांना पाणी पाजायला ठेवलेला हाइल्वेनच्या आईचा अंघोळीचा जुना टब होता. अहवालात त्याची नोंद 'बाप्तिस्म्याचं पात्र, उत्तरकालीन' अशी झाली.

पाचव्या दिवशी आदेश आला. सदर स्थळ तेराव्या शतकातील साधूचा आश्रम असून ते पडलेल्या अवस्थेत आढळल्याने पडलेल्या अवस्थेतच जतन करावे. एकही दगड उचलल्यास तो वारशाचा विध्वंस समजण्यात येईल. इद्वलनं तोवर सहा फूट भिंत उभी केली होती. ती मूळच्या ढिगासारखी पुन्हा पाडून द्यावी, असं एक पोटकलम होतं. सोबत ढिगाचा फोटो जोडला होता.

मी त्याला घेऊन मंडळाच्या कचेरीत गेलो.

"ही भिंत मी आणि माझ्या बापानं बांधलीय," इद्वल म्हणाला. "एकोणीसशे एकोणऐंशी साली. मी विशीत होतो. ते भोकसुद्धा मीच ठेवलं. वाकडं झालं म्हणून बापानं शिव्या घातल्या होत्या."

"वा! मौखिक परंपरा!" प्रॉसरबाईंनी आदरानं लिहून घेतलं. "काही पुरावा?"

"मी आहे ना."

"जिवंत व्यक्ती पुराव्याच्या व्याख्येत बसत नाही हो. तुमच्या वडिलांची हाडं तिथं पुरलेली असती, तर विचार करता आला असता." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "एक सांगा. भिंत तुमची, तर दगड कुठले?"

इद्वलनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"किल्ल्याचे," तो म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही.

"म्हणजे दोनच शक्यता उरतात. भिंत तेराव्या शतकातली, किंवा तुम्ही राष्ट्रीय वारशाचे चोर. आणि एक चोर सापडला, की मंडळाला सगळ्या गावातल्या भिंती तपासाव्या लागतील. तुमच्या समितीनं लेखी मत द्यावं."

समितीची बैठक चॅपलच्या मागच्या खोलीत भरली. चॅपलची पूर्वेकडची भिंत किल्ल्याची आहे. अध्यक्षांचा गोठा किल्ल्याचा. माझ्या दिवाणखान्यातली शेकोटी किल्ल्याच्या दरवाज्याची, आणि तिच्यावर राजाच्या गवंड्याची खूणही आहे, जी मी पाहुण्यांना कौतुकानं दाखवत असे. हाइल्वेन दारात उभी होती.

"अरे, तुम्ही सगळ्यांनी बघितलंय ना इद्वलला भिंत बांधताना? तू तर दगड द्यायला होतास रे!" हे मला.

"वहिनी, तेव्हा मी लहान होतो."

"एकोणीसचा होतास. आणि माझ्या सासूच्या हातच्या भाजी-मटणाच्या कढणाची दोन वाडगी ओरपून गेलास."

भिंत तेराव्या शतकातली आहे, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. मसुदा माझा होता. भाषा चांगली जमली होती.

आश्रमात मेंढ्या नकोत, म्हणून मंडळानं कुंपण घातलं. मग गवत वाढेल, असं कुणाच्या तरी लक्षात आलं. ते छाटायला तेराव्या शतकाला शोभेल असाच उपाय हवा होता. तीन तज्ज्ञांनी विचार करून मेंढ्या सुचवल्या. इद्वलच्या मेंढ्यांना सकाळी दहा ते चार चरायची परवानगी मिळाली. आडोशाला बसायची नव्हती.

सतरा मार्चला बर्फ पडलं. मंडळ गाफील नव्हतं. दगडांना थंडीनं तडे जाऊ नयेत म्हणून दोन माणसं आली आणि ढिगावर जाड, आतून लोकर लावलेली ताडपत्री बांधून गेली. त्या आठवड्यात मेंढ्या उघड्यावर व्यायल्या. इद्वल आणि हाइल्वेननं जमतील तेवढी कोकरं स्वयंपाकघरात नेली, चुलीपाशी खोक्यांत ठेवली. बावीस मेली. एक कसंतरी ताडपत्रीखाली शिरलं होतं आणि जिवंत होतं. निरीक्षणाला आलेल्या माणसानं त्याला अलगद बाहेर काढून बर्फात ठेवलं. लघवीतल्या आम्लानं दगड झिजतो. ते तेविसावं.

मला लाज वाटली. मी घरी जाऊन शेकोटीपाशी बसलो, तर तिथंही वाटली, म्हणून खुर्ची खिडकीकडे वळवली.

सप्टेंबरात इद्वलनं सगळ्या मेंढ्या विकल्या. आता तिथं फलक आहे, वर आमच्या भाषेत, खाली इंग्रजीत. गाडीतळ आहे. मी अर्ज केलेला बाकही शेवटी तिथंच बसवला. मेंढ्यांवाचून जागा ओकीबोकी दिसते अशी तक्रार आल्यामुळे मंडळानं फायबरच्या चार मेंढ्या आणि एक कोकरू आणलं. कोकरू भिंतीच्या आडोशाला ठेवलं आहे. त्याला परवानगी आहे.

अभिप्रायाची वही माझ्याकडे असते. गेल्या ऑगस्टमध्ये तुम्ही येऊन गेलात, त्या पानावर तुमची सही आहे. 'इतिहास जपावा तो इथल्या लोकांनी,' असं लिहिलंत, छान लिहिलंत. फायबरच्या कोकराच्या गळ्यात हात टाकून तुम्ही फोटोही काढला. मागे भिंतीच्या बुडाशी एक म्हातारा उकिडवा बसला होता, आठवतं? त्या वाकड्या भोकावरून बोट फिरवत होता. तुम्ही त्याला म्हणालात, "काका, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

तो झाला बाजूला.