रिकामं ताट आणि घोड्याचे मागचे पाय

२४ डिसेंबर, दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं. आमच्या दारावर थाप पडली. बाहेर एक अनोळखी गृहस्थ उभा होता. टोपीवर बर्फ, आणि हातात माझा फोटो!

घटना एवढीच. पुढचं सगळं माझ्यामुळे झालं, असं घरातल्या तिघांचंही म्हणणं आहे. मी तोरून या आमच्या शहरातल्या दैनिकात सव्वीस वर्षं बातमीदार आहे. तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तर ती छापावी लागते, म्हणून छापतोय.

त्याचं असं झालं. नाताळच्या बाजारावरचा लेख आमच्याकडे दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो. दरवर्षी तेच! आलं-मधाची बिस्किटं, गरम वाइन, चौकातले दिवे, विस्वा नदीवरचं धुकं. यंदा मी संपादकांना म्हटलं, "बघाच आता, असा लेख लिहितो की लोक कात्रण काढून खिशात ठेवतील!" आणि लिहिलं: "पाहुण्यांनो, बाजार कुठेही दिसेल. तोरून पाहायचं तर तोरूनच्या घरात या! नाताळच्या आदल्या संध्याकाळी इथल्या प्रत्येक टेबलावर अनोळखी पाहुण्यासाठी एक ताट जास्त मांडलेलं असतं. बेकर गल्लीत, सात नंबरच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडेही ते आहे. खुशाल दार ठोठावा!"

लेख गाजला. बाजाराच्या आयोजकांना तर तो इतका आवडला, की त्यांनी त्याचं सहा भाषांत पत्रक काढलं. वर माझा हसरा फोटो! चार दिवस मी घरात छाती काढून फिरत होतो.

आता त्या ताटाबद्दल खरं ते सांगतो. ते मांडतात, यात खोटं काही नाही. पण रस्त्यात भेटलेल्याला आपण "या की एकदा जेवायला" म्हणतो ना, तशातलं ते ताट! म्हणायचं असतं, समोरच्यानं यायचं नसतं. आमच्या ताटावर चाळीस वर्षांत कोणी बसलं नव्हतं. नाताळ झाला की सासूबाई ते धूळ पुसून कपाटात ठेवायच्या.

दारातल्या गृहस्थानं मोबाईलला काहीतरी सांगितलं. मोबाईलनं स्टेशनवरच्या घोषणेच्या सुरात, बाईच्या आवाजात, आमच्या भाषेत जाहीर केलं: "मी बाल्तासार. स्पेनमध्ये सारागोसाला ट्राम चालवत होतो. आता निवृत्त. सर्व हॉटेलं बंद आहेत. आपण ताटाबद्दल लिहिलं आहे."

"बघतोस काय बोगुश? आत घे ना त्यांना!" माझी बायको हाल्श्का म्हणाली. बोगुमिलचा घरी बोगुश होतो.

मी घेतलं. तेवढ्यात सासूबाई, म्हणजे गेनोवेफाबाई, हातात डाव घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. डावानं एकेकाकडे बोट दाखवावं तसं दाखवत त्यांनी मोजलं. हाल्श्का, तिचा भाऊ ग्रात्स्यान, मी, स्वतः त्या. मग डाव बाल्तासारपाशी थांबला.

"पाच," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टर रिपोर्ट वाचून दाखवतात त्या आवाजात.

या संध्याकाळी टेबलावर माणसं सम हवीत. विषम बसली, तर त्यांतलं एक पुढचा नाताळ पाहत नाही. अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे सात जण बसले आणि मार्चमध्ये सासरे गेले.

"आई, बाबा एकोणनव्वद वर्षांचे होते, आणि रोज वीस सिगारेटी ओढायचे!" ग्रात्स्यान म्हणाला.

"त्या तर ते साठ वर्षं ओढत होते. मग आधी का नाही गेले? कारण आधी आपण सम होतो!"

एरवी आम्ही हसलो असतो. पण सात जानेवारीला सासूबाईंच्या हृदयाची झडप बदलायची होती. त्याबद्दल त्या अवाक्षर काढत नव्हत्या. फक्त सकाळपासून टेबलक्लॉथखाली येशूच्या गोठ्याची आठवण म्हणून घालतात ते पवित्र गवत त्यांनी तीनदा काढून पुन्हा पसरलं होतं. त्यामुळे कोणी हसलं नाही.

"विषम असताना मी बसणार नाही," सासूबाई म्हणाल्या, "आणि मी बसल्याशिवाय कोणी बसणार नाही."

"मी स्वयंपाकघरात जेवतो," ग्रात्स्याननं उदारपणे सांगितलं. या संध्याकाळी बारा पदार्थ करतात, आणि त्यांतले नऊ तिथे होते.

"छत एकच आहे. मोजणारा वरून मोजतो!"

"मग या पाहुण्यांना..." मी हळूच म्हटलं.

"आजच्या दिवशी दारात आलेल्याला बाहेर काढू? जावईबापू, लेख तुम्हीच लिहिलात ना?"

मी कोट चढवला. पहिली चांदणी दिसेपर्यंत आमच्याकडे उपास असतो. माझ्या पोटात सकाळपासून फक्त काळी कॉफी होती, आणि आभाळ असं भरलेलं, की चांदणी काय, समोरचं चर्च दिसत नव्हतं.

आधी खालच्या मजल्यावरच्या क्लेमेन्सकडे गेलो. वाटीभर साखर मागावी तशा सहजपणे म्हटलं, "क्लेमेन्स, एखादा माणूस देतोस का आजच्यापुरता?"

"बोगुमिलराव, आम्ही सहा आहोत. एक दिला तर पाच उरतील!"

"मग दोन दे."

"दोन दिले तर माझे चार. ठीक. पण तुमचे सात होतील!"

आम्ही दोघं जरा वेळ उंबऱ्यावर उभे राहून बोटं मोजत होतो. सम घरातून विषम घराला मदत होत नाही, हे गणित मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

चौकात गेलो. बाजार दोनलाच संपला होता. दुकानदार फळ्या ठोकत होते आणि एक जण उरलेली गरम वाइन फुकट वाटत होता. कोपर्निकसच्या पुतळ्याखाली एक परदेशी तरुणी बाकावर बसली होती. चेहरा पांढराफटक, हातात माझं पत्रक! मी फोटोशेजारी माझं तोंड धरून दाखवलं.

"एकट्याच?" मी मोबाईलवर विचारलं.

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्या क्षणी ती एकटीच होती, हे मलाही नाकारता येत नाही.

तिचं नाव ओर्नेल्ला, गाव इटलीतलं लेच्चे. तिला घेऊन मी वाजतगाजत जिना चढलो. सासूबाईंनी "सहा!" म्हणून छातीवर क्रूसाची खूण केली. बीटच्या लाल साराचं पातेलं टेबलावर आलं. मी चमचा उचलला, आणि दारावर थाप!

बाहेर एक दाढीवाला तरुण धापा टाकत होता. दोन्ही हातांत गरम वाइनचे मग.

"दुच्चो," ओर्नेल्ला म्हणाली. "नवरा. वाइनच्या रांगेत होता. मी त्याला पत्ता पाठवला."

"सात," सासूबाई म्हणाल्या आणि पातेलं उचलून आत घेऊन गेल्या. दुच्चोनं एक मग बायकोपुढे धरला. तिनं नाक मुरडून तोंड फिरवलं, तेव्हा त्यानं दोन्ही संपवले. मी हे पाहिलं होतं. बातमीदाराची नजर! पण बातमी कळली नाही.

"दाजी, साधा एक माणूस आणता येत नाही तुम्हाला!" ग्रात्स्यान बूट घालत म्हणाला. "थांबा, दहा मिनिटांत आणतो."

दहाची पंचवीस झाली. मग जिन्यात असा आवाज झाला, जणू कोणी कपाट वर चढवतंय. दार उघडलं. ग्रात्स्यान होता, आणि त्याच्यामागे घोडा होता.

बाजारात पोरांना खेळवायला फिरणारा कापडी घोडा! काथ्याची आयाळ, लाल जीभ, गळ्यात घुंगरू. दारातून आत येताना त्याचा मागचा भाग अडकला. दोन हिसके बसले, शिवण उसवली आणि घोड्यातून दोन माणसं बाहेर पडली.

हाल्श्कानं भावाकडे पाहिलं. "ग्रात्स्यान!"

"ताई, शप्पथ! मी डोकं मोजलं. एकच होतं!"

"आणि पाय?"

"पाय कोण मोजतं?"

"नऊ," सासूबाईंनी सांगितलं. त्यांच्या आवाजात आता राग नव्हता, हे जास्त वाईट होतं. त्या एप्रनसकट स्टुलावर बसल्या, आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी छातीवर हात ठेवला. माझं लक्ष होतं. त्या क्षणी माझ्या लेखाची सहाही भाषांतली सगळी पत्रकं मी आनंदानं चावून खाल्ली असती. भूकही तेवढी होतीच.

घोड्यातले दोघं सज्जन निघाले. पुढचे पाय बोलके होते. मागचे पाय लाजाळू, बारीकसा माणूस. तो कोपऱ्यात कापडाची घडी घालत म्हणाला, "जातो मी. माझी सवय आहे, मी दिसत नाही कोणाला."

"खबरदार!" सासूबाई गरजल्या. "आलेला माणूस उपाशी परत जाणार नाही!"

पाच वाजून चाळीस मिनिटांनी पुन्हा थाप. आता दार उघडायला कोणी धजेना. शेवटी बाल्तासारनं उघडलं. ट्रामवाल्याला दारं उघडायची सवय असते.

क्लेमेन्स होता. घामाघूम.

"बोगुमिलराव, घोटाळा झाला! जावई रुसून निघून गेला."

"का?"

"मी म्हटलं, मासा खारट झालाय."

"मग?"

"मासा त्यानंच केला होता! आता आम्ही पाच उरलोय, आणि बायको सार वाढेना. तुमच्याकडे..." त्याची नजर खोलीभर फिरली. आमच्याकडे कोणाचं तरी लग्नच निघालंय, असं त्याला वाटलं असावं. "तुमच्याकडे एखादा जास्तीचा आहे का?"

सासूबाई स्टुलावरून अशा उठल्या, की सात तारखेचा डॉक्टर पाहता तर शस्त्रक्रिया रद्द करता!

"कोण हवं?" त्यांनी विचारलं.

क्लेमेन्सनं निवड करायला वेळ घेतला. मग बोट मागच्या पायांकडे गेलं. "हे. हे कमी खाणारे दिसतात."

मागचे पाय उभे राहिले. डोळे भरून आले होते. "तेरा वर्षांत पहिल्यांदाच कोणी मला वेगळं बोलावलं," ते म्हणाले, आणि ताठ मानेनं जिना उतरून गेले.

वर आठ, खाली सहा. पाच पन्नासला आम्ही बसलो. चांदणी दिसली नव्हती, पण ग्रात्स्याननं बाल्कनीतून एका विमानाचा दिवा पाहिला आणि तो सर्वानुमते मान्य झाला.

पहिल्यांदा ओप्वातेक. चर्चमधून आणलेली ती पापडासारखी पातळ चकती प्रत्येकानं दुसऱ्याच्या हातची मोडून घ्यायची आणि त्याचं भलं चिंतायचं. सासूबाई बाल्तासारच्या मोबाईलला हळूच म्हणाल्या, "सात तारखेला माझं ऑपरेशन आहे. भीती वाटते." घरात आम्हाला हे त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. मोबाईलनं त्याला ते स्पॅनिशमध्ये ऐकवलं. त्यानं नुसता त्यांचा हात हातात धरून ठेवला. हाल्श्का सार वाढायचं निमित्त करून आत गेली.

सार झालं. मग हेरिंग मासा आला, कांदा आणि तेलातला. बशी ओर्नेल्लापाशी गेली आणि तिचा चेहरा टेबलक्लॉथहून पांढरा झाला. तिनं आपला मोबाईल तोंडाशी नेला, सासूबाईंकडे झुकली आणि कानात सांगावं तसं काहीतरी कुजबुजली.

मोबाईलला कुजबुजता येत नाही. त्यानं स्टेशनवरच्या आवाजात जाहीर केलं: "मला मळमळतं आहे. मला दिवस गेले आहेत. माझ्या नवऱ्याला अजून माहीत नाही."

सगळ्यांना कळलं होतं, फक्त दुच्चोला नाही, कारण मोबाईल आमच्या भाषेत बोलला होता. तो मजेत हेरिंग खात होता. बाल्तासारच्या मोबाईलनं मात्र ते ऐकून इमानदारीत स्पॅनिश करून दिलं. म्हातारा उठला, टेबलाला वळसा घालून गेला आणि दुच्चोला कडकडून मिठी मारली. मग हातांचा पाळणा करून हलवून दाखवला.

दुच्चोचा काटा खाली पडला. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. पुढची पाच मिनिटं टेबलावर जे रडणं, हसणं, मिठ्या आणि इटालियन चाललं, त्याचा वृत्तांत देणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. पुढचे पाय तर घुंगरू वाजवत नाचले!

सासूबाई नाचल्या नाहीत. त्यांनी काटा-चमचा ताटात आडवा ठेवला होता.

"नऊ?" त्या म्हणाल्या.

"आई, पोटातलं मोजत नाहीत!" हाल्श्का म्हणाली.

"मोजणारा वरून मोजतो, म्हटलं ना मी? त्याला काय दिसत नाही?"

त्यांनी फादरना फोन लावला. प्रश्न विचारला. फादर मग दबक्या आवाजात म्हणाले, "गेनोवेफाबाई, ते नंतर बघू. तुमच्याकडे एखादा माणूस जास्तीचा आहे का? इथे आम्ही अकरा आहोत."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि ओर्नेल्लाकडे वळल्या. "एक की दोन?"

ओर्नेल्ला म्हणाली, माहीत नाही. दोन जानेवारीला डॉक्टरकडे पहिली तपासणी आहे. डोळे पुसत दुच्चोनं आपला मोबाईल पुढे केला: "माझे वडील जुळे आहेत. आत्याची मुलंही जुळी आहेत."

सासूबाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे दहा!" त्यांनी काटा उचलला, आणि सव्वासात वाजेपर्यंत उरलेले दहाही पदार्थ एकेक करून खाल्ले. जाताना ओर्नेल्लाचा नंबर लिहून घेतला, आणि तपासणी होताच फोन करायचा असं दोन्ही मोबाईलांसमोर वदवून घेतलं.

संपादक खूश आहेत. ईस्टरवरही असंच काहीतरी घरगुती लिहा म्हणतात. मी रजेचा अर्ज दिला आहे.

आज दोन जानेवारी, संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. लेच्चेहून अजून फोन आलेला नाही. सासूबाई फोनशेजारी बसून आहेत. हॉस्पिटलची बॅग भरून दारापाशी ठेवली आहे. बॅगेची चेन मात्र त्या फोन आल्यावरच लावणार आहेत.