टर्बोवरची घोणस

त्या दिवशी मी फक्त एवढंच ठरवलं होतं, की आज गवत हलताना बघायचं.

देवळाली प्रवराजवळच्या आमच्या मळ्यात खरं गवत भरपूर आहे आणि तेही हलतं. पण मी म्हणतेय ते गेममधलं. माझ्या नवऱ्याकडे, रविराजकडे, हातात धरून खेळायचा एक छोटा गेमिंग पीसी आहे. दोन्ही बाजूंना जॉयस्टिक, मध्ये स्क्रीन, पोटात पंखा. रविराज आठवडाभर पुण्यात नोकरीला असतो आणि त्याच्या मागे ते यंत्र माझ्या ताब्यात असतं. जाताना त्याने बजावून ठेवलं होतं, "सायलेंट मोडवर खेळ, बॅटरी पुरते. टर्बो लावलास तर चार्जर सोडू नकोस. आणि झालं की शटडाऊन कर. नुसतं स्लीपवर टाकू नकोस, ते मनाला येईल तेव्हा जागं होतं."

मी मान हलवली. (मान मी नेहमीच छान हलवते.)

सायलेंटवर बॅटरी दुपारभर टिकते, पण गवत तारेच्या कुंपणासारखं ताठ उभं असतं आणि गाय चालत नाही, इथून अदृश्य होऊन तिथे उगवते. टर्बोवर गवताच्या लाटा उठतात, गायीच्या पापण्यासुद्धा दिसतात, पण चहा गार व्हायच्या आत बॅटरी तळाला जाते. मी वॅट उतरवून, स्क्रीनचा उजेड मंद करून, सेकंदाला किती चित्रं दाखवायची ते बांधून देऊन कसाबसा मधला मार्ग काढला होता. (एवढा विचार मी लग्न ठरवतानाही केला नव्हता.)

गेम शेतीचा होता, हे सांगतानाच मान खाली जाते. दाराबाहेर खरा ऊस उभा, आणि मी त्याच्याकडे पाठ करून स्क्रीनवर मुळे लावत बसायचे. घरात मात्र सांगितलं होतं, की हा प्राध्यापकीच्या सेट परीक्षेचा अभ्यास आहे. माझे सासरे, आप्पा, येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, "आमची सून बारक्या कॉम्प्युटरवर अभ्यास करती. पापनी बी लवत न्हाई तिची."

तर त्या दिवशी सकाळी लाइट होती, चार्जर लावलेला होता आणि घरात कोणी नव्हतं. कारण त्याच दिवशी आमच्या उसाला तोड आली होती. आप्पांनी त्यासाठी कारखान्याच्या गट ऑफिसात इतके हेलपाटे घातले होते, की तिथलं कुत्रंही त्यांना बघून उठून जागा द्यायचं. आता पाथर्डीकडची ऊसतोड टोळी फडात उतरली होती, ट्रॉली अर्धी भरली होती. टोळी इथून हलली, तर सरळ पुढच्या राधाकृष्णभाऊंच्या मळ्यात जाणार आणि परत कधी येणार ते कोणी सांगू शकत नव्हतं. हंगाम संपत आलेला. आमचा ऊस उन्हात वाळत, वजन घालवत उभा राहिला असता.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी टर्बो लावला.

गवत हललं. काय हललं! मी इतकी रमले, की मध्येच लाइट गेल्याचं कळलंच नाही.

"सृष्टी! टोळीला चहा टाक गं!" सासूबाईंचा आवाज एकदम दारातच आला.

मी दचकले. (मी कुकरच्या पहिल्या शिट्टीला दचकते. दुसरी येणार हे माहीत असतं, तरी तिलाही दचकते.) बटण दाबलं, स्क्रीन काळी झाली, वायर ओढली आणि यंत्र कोपऱ्यातल्या गोधड्यांच्या ढिगात खुपसलं. शटडाऊन वगैरे करायला तेवढं धैर्य लागतं.

चहा केला. किटली घेऊन आई, म्हणजे सासूबाई, फडाकडे गेल्या. मी भांडी आवरून खोलीत आले, आणि गोधड्यांतून आवाज आला.

फुस्स्स्स. मग जरा थांबला. मग आणखी मोठ्याने, फुस्स्स्स्स!

ऊस तुटायला लागला की साप बाहेर निघतात आणि घोणस कुकरसारखी फुसफुसते, हे आईंनी मला जेवताना नुकतंच सांगितलेलं. त्यामुळे मी जे किंचाळले, ते ऐकून आप्पा बांधावरून पळत आले आणि आई रिकामी किटली घेऊन त्यांच्या मागे.

"काय झालं?"

"घो... घो..."

"घोरतंय कोन?"

"घोणस! गोधड्यांत!"

आप्पांनी कान दिला. फुस्स्स्स! "व्हय की! मोठी दिसती. थांब, काठी आनतो."

आई शेजारच्यांना हाक मारायला पुढच्या दाराने धावल्या. मी उंबऱ्यात थिजलेली. तेवढ्यात वरची गोधडी आतून उजळली. आधी निळी, मग जांभळी, मग निळी. घोणशीला दिवे नसतात, एवढं माझं शिक्षण झालेलं आहे. त्या यंत्राच्या जॉयस्टिकभोवती मात्र दिवे असतात.

मी झडप घालून यंत्र बाहेर काढलं. तव्यावरच्या भाकरीसारखं तापलेलं. बटण दाबून धरलं, बंद केलं आणि ओढणीखाली लपवलं. तोवर आप्पा काठी घेऊन हजर.

खरं सांगायची ती वेळ होती. मी तोंड उघडलंही. पण आप्पांच्या नजरेत ती अभ्यासू सून दिसली आणि माझ्या तोंडून शब्द निघाला, "गेली."

"कुठं गेली?"

मी मागच्या दाराकडे बोट केलं.

मागच्या दाराबाहेर अंगण आहे. अंगणापलीकडे फक्त ऊस आहे. हे बोट केल्यावर माझ्या लक्षात आलं.

पुढच्या काही मिनिटांत अख्खी टोळी कोयते खांद्यावर टाकून बांधावर येऊन बसली. मुकादम कानिफनाथ आप्पांपुढे हात जोडून उभा. "आप्पा, बाया न्हाई म्हनत्यात. मागल्या साली एकीला चावल्याली."

"अरं, अर्धी ट्रॉली झाली की!"

"तुमचं खरं हाय. पर जीव का ट्रॉली? आमी राधाकृष्णभाऊंकडं सरकतो."

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली, परत काढली. मला ते बघवेना.

"घोणस नव्हती," मी म्हणाले.

कोणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हणाले, तर आवाज एवढा मोठा निघाला, की मीच दचकले. "घोणस नव्हतीच! हे होतं!" आणि ओढणीखालून यंत्र काढलं.

टोळीतल्या सगळ्यांत वयस्कर गोजरबाई पुढे आल्या. "हे काय हाय, वैनी?"

"हे फुसफुसतं."

"फुसफुसीव मग."

आता खरी परीक्षा होती, सेटपेक्षा अवघड. यंत्र सुरू केलं, तर बॅटरी पार तळाशी. लाइट नाही. सायलेंटवर ठेवलं तर बॅटरी टिकेल, पण पंखा हूं की चूं करणार नाही. टर्बोवर पंखा ओरडेल, पण गेम उघडेपर्यंत बॅटरीचा जीव राहील का? मी उजेड इतका उतरवला, की स्क्रीन जेमतेम दिसत होती. वायफाय बंद केलं, आवाज बंद केला, दिवे विझवले, आणि देवाचं नाव घेऊन टर्बो दाबला.

सगळी टोळी माझ्या डोक्यावर वाकलेली. स्क्रीनवर माझं शेत आलं. आप्पा डोळे बारीक करून बघत होते.

"ही कुनाची जमीन?"

"माझी," मी पुटपुटले.

"हे काय लावलंय?"

"मुळे."

"अन् अभ्यास?"

मी खाली बघितलं. खाली मुळेच होते.

तेवढ्यात पंख्याला कंठ फुटला. फुस्स्स्स्स! बाया दोन पावलं मागे सरकल्या. गवताची एक लाट आली, गायीने पापणी हलवली आणि यंत्र मेलं.

मग आई हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, थांबेचनात. "अगं, म्या शेजारच्या चार घरी सांगून आले गं, घोनस निघाली म्हनून!"

गोजरबाई मात्र हसल्या नाहीत. "हे वाजलं, ते खरं. पर फडात दुसरी न्हाई कशावरनं? तुजं यवढं खरं आसंल, तर तू चाल म्होरं. आमी येतो मागनं."

आप्पा माझ्याकडे बघत होते. रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. ते फक्त वाट बघत होते.

मी रविराजचे गमबूट चढवले आणि पुढे झाले. उसाचं वाळकं पाचट पायाखाली वाजलं की मी उडायचे. मी उडाले की मागची बाई उडायची, आणि सगळ्यात शेवटी कानिफनाथ "काय झालं, काय झालं?" ओरडायचा. पण सरी संपली आणि घोणस निघाली नाही. मग दुसरी सरी. मग कोयते सुरू झाले. अंधार पडायच्या आत फड मोकळा झाला आणि शेवटची ट्रॉली हलली. आप्पांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

मला वाटलं, संपलं. अब्रू गेली ती घरातल्या घरात गेली, उद्यापासून खरंच अभ्यासाला बसू.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आप्पांचा फोन वाजला. ते स्पीकरवरच बोलतात. पलीकडून राधाकृष्णभाऊ म्हणत होते, "आप्पा, तेवढी धाकली वैनी पाठवता का आमच्याकडं? बाया आडून बसल्यात. म्हनत्यात, त्या फुसफुसवाल्या वैनी म्होरं चालल्याबिगर आमी फडात पाय ठेवनार न्हाई. आमची सून म्हनली, त्यांचा अभ्यास आसंल, कशाला तरास द्यायचा..."

आप्पांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि फोनमध्ये म्हणाले, "छ्या! कसला आभ्यास! पाठीवतो की. रिकामीच आसती ती."