शाकाहारी ओव्हनातली टर्की

पोळ्याच्या करीला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, जावई घरी आला असेल तर त्याचं ऐकायचं असतं. हिंगोलीकडच्या गोरेगावात हा कायदा कुठे लिहून ठेवलेला नाही, पण लिहिलेल्या कायद्यांपेक्षा जास्त पाळला जातो. म्हणून दत्तप्रसादने पुण्याहून आणलेल्या बॅगेतून एक घडी केलेली, उष्णतेने न वितळणारी पारदर्शक पिशवी काढली आणि "टर्की आज हिच्यात भाजायची," असं जाहीर केलं, तेव्हा त्याच्या मेव्हण्याने, हनुमानने, नुसतं अंगणातल्या चुलीकडे बघितलं. चूल पेटली होती, मसाला वाटून झाला होता आणि अख्खा श्रावण भाजी-भाकरीवर काढलेल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

"दाजी, रस्सा करू ना," तो शेवटी हळूच म्हणाला. "करीला रस्साच बरा लागतो."

"रस्सा कोणीबी करतं हो! अख्खी भाजायची. परदेशात सणाला अशीच करतात. मसाला चोळायचा, पिशवीत घालायची, तोंड बांधायचं अन् ओव्हनमधी ठेवून द्यायची. लोण्यावानी होती. मी व्हिडिओ बघितलाय."

ओव्हन हा शब्द ऐकला आणि हनुमानची बायको राधिका ओल्या हातांनी धावत बाहेर आली.

हनुमानकडे बैलजोडी होती, शेळ्या होत्या, मेंढ्या होत्या, हौसेने पाळलेल्या टर्की कोंबड्या होत्या. ओव्हन मात्र त्याच्या बायकोचा होता. ओसरीच्या कोपऱ्यात, टेबलावर, क्रोशाच्या रुमालाखाली तो राहत असे. घराच्या दारावर पाटी होती: 'राधिका केक. शुद्ध शाकाहारी. अंडं नाही.' गावातली माळकरी मंडळी, बाजारपेठेतले व्यापारी, सगळे या पाटीच्या भरवशावर केक नेत. आणि आज संध्याकाळी तर किराणावाल्या शेठाणीच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता. तिचा केक पसंत पडला की अख्खी बाजारपेठ आपली, असं राधिकाने मनाशी धरलं होतं.

राधिकाची सासू सिंधूबाई स्वतः माळकरी. केक हा प्रकार तिला मुळातच मान्य नव्हता. "वाढदिवसाला दिवा लावायचा असतो का फुंकून इझवायचा असतो?" हा तिचा प्रश्न होता. सिंधूबाई ओव्हनच्या कोपऱ्यात पाऊल टाकत नसे, याचं राधिकाला मनातून बरंच वाटे. घरात तेवढी एकच जागा होती जिथे ती कोणाचं न ऐकता काम करी.

"दाजी, पाया पडते तुमच्या," राधिका म्हणाली. "त्याच्यात मटण-बिटण न्हाई चालत. गावाला कळलं तर माझ्या हातचा केक कुत्रं खाणार न्हाई."

"वहिनी, तुमी समजून घेऊन न्हाई राहिल्या. यासाठीच तर पिशवी आणली. सगळं पिशवीच्या आत. ओव्हनला बाहेरून कळणारबी न्हाई, आत काय हाय. पिशवी म्हणजे सोवळं समजा."

"वहिनी, लई हौसेनं आणलीय हो ह्यांनी," दत्तप्रसादची बायको साधना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. हनुमानची ही एकुलती बहीण सणाला माहेरी आली की फार लवकर रडे.

आता नणंद रडते, जावई रुसतो आणि नवरा चुलीकडे बघतो, अशा पेचात माणूस सोवळं मान्य करतो. राधिकानेही केलं. सिंधूबाई करीच्या दिवशी मटणाचा वास नको म्हणून दुपारभर तिच्यासारख्याच माळकरी रुख्मिणीबाईंच्या घरी जाऊन बसे. तेवढ्यात उरकायचं ठरलं.

दत्तप्रसादने पिशवीबरोबरचा इंग्रजी कागद वाचला. "आत चमचाभर पीठ टाकून हलवा म्हणतंय. अन् वरून सुरीनं बारकी छिद्रं पाडा म्हणतंय."

"छिद्रं?" राधिका किंचाळली. "मंग सोवळं कशाचं राहिलं? वास, रस, सगळं बाहेर! एकबी छिद्र न्हाई पाडायचं."

"पर लिहिलंय..."

"ज्यानं लिहिलं त्याला शेठाणीचा केक करायचा होता का?"

दत्तप्रसादने कागदाची घडी करून खिशात घातली. राधिकाने टर्की पिशवीत कोंबली, तोंड पिळून धरलं आणि बैलांसाठी आणलेल्या नव्या सुती दोरीचा उरलेला तुकडा घेऊन गाठीवर गाठ मारली. हनुमान म्हणाला, बैलालाही आपण एवढं आवळून बांधत नाही. पण त्याचं त्या दिवशी कोणीच ऐकत नव्हतं.

ओव्हन सुरू झाला आणि चौघं काचेसमोर बसले. सुरुवातीला काही घडलं नाही. मग पिशवीने थोडं अंग धरलं.

"फुगून राहिली," साधना म्हणाली.

"फुगणारच. गरम हवा हाय ना आत," दत्तप्रसाद म्हणाला.

पिशवी आणखी फुगली. टर्की आत दिसेनाशी झाली. पिशवीने ओव्हनच्या भिंतींना अंग टेकवलं, मग काचेला तोंड लावलं. मसाल्याचा लाल रस आत उकळत होता.

"दाजी, ही थांबून न्हाई राहिली," राधिका पुटपुटली.

"आता काढू नका. व्हिडिओत काढली नव्हती."

"व्हिडिओत बांधली होती का अशी?"

दत्तप्रसाद आठवायला लागला. तेवढ्यात पिशवी वरच्या तापलेल्या कांडीला चिकटली.

जो आवाज झाला, तो ऐकून गोठ्यातल्या शेळ्यांनी एकदम बें केलं. ओव्हनचं दार धाडकन उघडलं, भिंतीवर, छतावर, क्रोशाच्या रुमालावर लाल रस उडाला आणि अर्धीमुर्धी भाजलेली टर्की तुपकट फरशीवरून घसरत थेट उंबऱ्यात जाऊन थांबली. साधना हनुमानच्या गळ्यात पडली. राधिकाने ओव्हनची पिन ओढली आणि तशीच उभी राहिली. पहिल्यांदा बोलला तो दत्तप्रसाद. "रंग मात्र चांगला आलाय," तो म्हणाला. राधिकाने त्याच्याकडे असं बघितलं की जावयाचा मान तिथेच संपला.

गल्लीत आरडाओरडा झाला. "सिलेंडर फुटलं! हनुमानच्या घरी सिलेंडर फुटलं!" पळणाऱ्या पावलांचे आवाज जवळ आले. आणि सगळ्यांत आधी दारात कोण यावं? सिंधूबाई. तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, एका हातात चप्पल. दोन घरं सोडून असलेल्या रुख्मिणीबाईंच्या घरून ती अनवाणी पळत आली होती.

तिने उंबऱ्यात पडलेली टर्की बघितली. उघडा ओव्हन बघितला. सुनेचा पांढराफटक चेहरा बघितला. सगळं तिच्या एका नजरेत बसलं.

"आत्याबाई..." राधिका रडायला लागली.

"रडू नको. झाक ते."

राधिकाने कालच्या पोळ्याची बैलाची झूल खुंटीवरून ओढली आणि ओव्हनवर टाकली. उंबऱ्यातल्या टर्कीवर काय टाकावं ते मात्र कोणालाच सुचेना. सिंधूबाईने भिंतीशी पडलेलं डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची टोपली, पायाने ओढलं, टर्कीवर पालथं घातलं आणि स्वतः त्याच्यावर मांडी घालून बसली. जिने लग्न झाल्यापासून मटणाच्या पातेल्याला हात लावला नव्हता, ती आज टर्कीवर बसली. हनुमानला वाटलं, आपण स्वप्नात आहोत.

लोक आले. पुढे शेजारचा देविदास, ज्याला गावातली प्रत्येक गोष्ट मुळापासून कळावी लागते.

"काय फुटलं मावशी?"

"कुकर," सिंधूबाई म्हणाली.

घरातल्या चौघांनी एकमेकांकडे बघितलं. माळ घातल्यापासून सिंधूबाई खोटं बोलली नव्हती. शेळीच्या वयाबद्दलसुद्धा ती गिऱ्हाइकाला खरं सांगे, त्यामुळे हनुमान तिला सौद्याच्या वेळी घरातच बसवायचा.

"वास लई सुटलाय पर."

"करीचा दिवस हाय. तुझ्या घरून नसंल सुटला का?"

हे बरोबर होतं. सगळ्या गल्लीतच वास होता. देविदासने नाक खाली घेतलं आणि डोळे कामाला लावले.

"मावशी, तुमी डालग्यावर काहून बसल्या?"

"खाली अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी हाय. मारती."

"वाफ येऊन राहिली ना बाहेर."

"खुडूक कोंबडीचं अंग तापत असतं. तुला लेकरं हायत, एवढं ठावं न्हाई?"

देविदासला लेकरं होती, पण कोंबड्या नव्हत्या. तो विचारात पडला. त्याने झुलीकडे बघितलं, भिंतीवरच्या लाल डागांकडे बघितलं, आणि विचारण्यासारखं अजून बरंच असूनही सिंधूबाईच्या गळ्यातल्या माळेकडे बघून तो परतला. बाकीचेही पांगले. माळकरी बाईच्या शब्दावर शंका कोण घेणार?

दार लागलं तसं राधिका सासूच्या पायाशी बसली. "माझ्यामुळं तुमाला खोटं बोलावं लागलं."

"व्हय, लागलं," सिंधूबाई म्हणाली. "मला तुझा केक पटत न्हाई. पर माझ्या सुनेला गाव हसंल, ते त्याहून पटत न्हाई. आता ऊठ. आंघोळ कर. शेठाणीचा केक कशात करशील?"

"कशात करू? ओव्हन तर बाटला. अन् लबाडी करून न्हाई करायची मला."

"ओव्हन घ्यायच्या आधी कशात करायची?"

राधिकाने डोळे पुसले. आधी ती जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात वाळू घालून, वर झाकण ठेवून केक करायची. ओव्हन आल्यावर तिला त्याची लाज वाटायला लागली होती.

"मंग तसाच कर. माझ्या आतल्या चुलीवर. मी बसते तिथं. या घरातला मसाल्याचा हात कोणाचा लागू देणार न्हाई." मग ती जावयाकडे वळली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला, आवाज मानाचाच ठेवला. "जावईबापू, या डब्याला काय लावून घासतात ते मला ठावं न्हाई. जे लागत असंल ते घ्या अन् घासा."

साधनाने तोंडावर हात घेतला. "माय! जावई हायत ते!"

"म्हणून तर बापू म्हणलं."

दत्तप्रसाद बाह्या सारून अंगणात ओव्हन घासायला बसला. हनुमानने टर्कीचे तुकडे केले, धुतले आणि मुकाट्याने बाहेरच्या चुलीवर रस्सा चढवला. सकाळपासूनचं त्याचं म्हणणं अखेर सणानेच मान्य केलं. आतल्या चुलीपाशी सिंधूबाई पाटावर बसली ती उठलीच नाही. केक झाला. राधिकाने तो गार करून, मलई लावून, फुलं काढून सजवला. फुलं सरळ आली.

हनुमान केक घेऊन मोटारसायकलवर निघाला, तशी सिंधूबाई मागे बसली. "मी बी येते."

"तू काहून?" हनुमानने विचारलं, तोवर तिने पदर खोचून त्याचा खांदा धरला होता.

दोघं परत येईपर्यंत राधिकाच्या जिवात जीव नव्हता. सिंधूबाई उतरली, पायऱ्या चढली आणि ओसरीत टेकली. मागे हनुमानचा चेहरा भलताच झाला होता.

"मायनं सगळं सांगितलं तिथं," तो म्हणाला.

"काय सगळं?"

"ओव्हन, टर्की, पिशवी, सगळं. बायांनी भरलेल्या घरात."

अंगणातलं घासणं थांबलं. दत्तप्रसाद हातात काथ्या घेऊन दारात आला.

"काहून आत्याबाई? काहून सांगितलं?"

"दुपारी देविदासला खोटं सांगितलं, ते अजून गळ्यात अडकून राहिलंय. पुन्हा कोणाला खोटं खाऊ घालणं मला जमलं न्हाई, पोरी," सिंधूबाई म्हणाली. "मी म्हणलं, ओव्हनात मांस गेलं. हा केक त्याच्यातला न्हाई. चुलीवरचा हाय, अन् होईस्तोवर मी तिथून हललेली न्हाई. आता ठेवायचा तर ठेवा, न्हाई तर मी परत नेते."

"मंग? परत दिला?"

"न्हाई. शेठाणी आधी लई दचकली. मंग म्हणली, आजी, तुमी बसल्या होत्या ना तिथं? मंग ठेवा. लेकरानं कापलाबी. मंग बाकीच्या बाया म्हणायला लागल्या, आमच्याबी घरी पाठवा."

राधिकाने सासूचे दोन्ही हात धरले. तिला हसूही येत होतं, रडूही येत होतं. आपला धंदा बुडाला नाही, उलट बाजारपेठ खरंच हाती आली, हे तिला पटायला वेळ लागला. "आत्याबाई, तुमी माझं घर वाचवलं."

"पर त्यायनी एक अट घातली," सिंधूबाई म्हणाली. "केक करताना मी तिथं बसलेली पायजे. दर केकला. न्हाई तर घेणार न्हाईत."

"अन् तुमी काय म्हणल्या?"

"काय म्हणणार? व्हय म्हणले."

दुसऱ्या दिवशी जावई आणि साधना सकाळच्या जीपने हिंगोलीला, पुण्याची गाडी धरायला, गेले. राधिका पहिल्या ऑर्डरचं साहित्य घेऊन चुलीपाशी आली, तर पाट आधीच मांडलेला होता आणि त्याच्यावर सिंधूबाई जपमाळ घेऊन बसलेली होती. तिचे डोळे मिटलेले होते. राधिकाला जरा हायसं वाटलं. तिने मैदा चाळला, दही फेटलं आणि साखरेच्या डब्यात वाटी घातली.

"साखर जास्त टाकून राहिलीस," सिंधूबाई डोळे न उघडता म्हणाली.

राधिकाने दारात उभ्या असलेल्या हनुमानकडे बघितलं. हनुमानने शेळ्यांची दावी उचलली आणि तो रानाकडे निघून गेला.