जगाचा अंत, माझ्या मते

सायन्स फिक्शन पिक्चरचं नुसतं पोस्टर दाखवा, मी तुम्हाला शेवटासकट गोष्ट सांगतो! पैज लावा हवं तर. पोस्टरवर माणूस पाठमोरा उभा असेल तर जग बुडणार. समोर बघत असेल तर तो बुडवणाऱ्यांनाच बुडवणार. शेजारी लहान मुलगी असेल तर त्याचा घटस्फोट झालेला आहे आणि जग वाचेपर्यंत बायको परत येणार. यात माझी आजवर एकदाही चूक झालेली नाही.

तसा मी काही पिक्चरवेडा नाही. वर्षाकाठी दोन-तीन पिक्चर, तेही घरच्यांनी ओढत नेलं तर. पण मी दिगंबर केतकर, जन्म शनिवार पेठेतला, मुक्काम कोथरूडला. मत द्यायला आधी अभ्यास लागतो, हे मला लहानपणी कुणी शिकवलंच नाही!

आता मला सांगा, एवढे अब्जावधी रुपये ओतून हे लोक जग नेमकं अमेरिकेतच का बुडवतात? परग्रहावरची मंडळी एवढं अंतर तुडवत येतात आणि त्यांना आपला जागोजागी खणून ठेवलेला कर्वे रोड दिसत नाही? दिसला असता तर 'अरेच्चा, इथे आपल्या आधी कुणीतरी येऊन गेलंय' म्हणत परत गेले असते! बरं, त्यांचं यान गावाएवढं मोठं, पण बंद पडतं कशानं? एका बटणानं! एवढ्या सहज फक्त आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडते.

ही मतं मी थिएटरातच देतो. ज्या त्या वेळी, खणखणीत आवाजात. म्हणूनच आमच्या शाल्मलीनं मला आधीच बजावलं.

"बाबा, रविवारी सकाळच्या शोला जायचंय. रणजितनं तिकिटं काढलीत. आणि तू तोंड उघडायचं नाहीस! एक शब्दसुद्धा नाही!"

रणजित म्हणजे आमचा होऊ घातलेला जावई. परदेशी पिक्चरांसाठी कंप्युटरवर दृश्यं तयार करण्याचं काम करतो. जे नाही ते आहे असं दाखवायचं, असला काहीतरी प्रकार. त्यानं दीड वर्ष राबून काम केलेला पिक्चर नुकताच लागला होता. त्याचं घर कर्वेनगरच्या जुन्या गावठाणातलं. म्हणजे ते लोक शहरात आले नाहीत, शहर त्यांच्या शेतात येऊन बसलं. मुलाचे आईवडील राजी, आम्ही राजी, पोरं तर कधीचीच राजी. अडलं होतं ते त्याच्या आजीवर, बायडाबाईंवर. त्या घरात आजीनं मान हलवल्याशिवाय दारातली चप्पल हलत नाही! आणि आजीचा निरोप आला होता, "पोरगी बगितली, झ्याक हाय. आता तिचा बाप कसा हाय त्यो बगू द्या."

थोडक्यात, दाखवण्याचा कार्यक्रम माझा होता! पोह्यांच्या जागी पॉपकॉर्न, एवढाच फरक.

"अहो, ही आवळा सुपारी ठेवा," थिएटरच्या दारात आमची ही, म्हणजे वासंती, म्हणाली. "बोलावंसं वाटलं की तोंडात टाका."

"आणि संपली तर?"

"मी काय तुम्हाला आज ओळखते? अख्खी बरणी आणलीय."

आजी आल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू. बाजारात बैल बघावा तसं त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं आणि हुकूम सोडला, "पाव्हनं, माज्या शेजारी बसा."

बसतोय तोच पलीकडून रणजित वाकून हळूच म्हणाला, "काका, यात माझं काम कुठलं, ते शेवटी ओळखून दाखवाल? मी शाल्मलीलापण सांगितलेलं नाही. बघू या तुमची नजर!"

झालं! अहो, ज्या पिक्चरमध्ये आभाळापासून समुद्रापर्यंत सगळंच खोटं, त्यात या पोराचं खोटं कुठलं हे ओळखायचं कसं? चुकलो तर भर सभेत दुसऱ्याच कुणाचं कौतुक करून बसणार!

पिक्चर सुरू झाला. मी सुपारी टाकली. दाढी वाढलेला एक माणूस आभाळाकडे बघत होता. मी गप्प. पक्षी उलट्या दिशेला उडाले. मी गप्प! वासंतीनं कौतुकानं माझ्याकडे बघितलं.

एवढ्यात आजींनी कोपर मारलं. "पाव्हनं, ह्यो कोन?"

त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. उत्तर न देणं म्हणजे उद्धटपणा. मी कुजबुजलो, "शास्त्रज्ञ आहे, आजी."

"मंग दाढी का करंना?"

"घटस्फोट झालाय."

"आरं द्येवा! आन् त्यो हसतोय त्यो?"

"तो याचा मित्र. आता मरणार." सुपारी शोधेपर्यंत वाक्य निसटलं होतं.

आणि पुढच्याच मिनिटाला तो हसरा मित्र पुलासकट खाली गेला!

"आगं बया!" आजींनी मांडीवर थाप मारली. "तुमास्नी कसं कळलं?"

काय सांगू तुम्हाला! एवढ्या आयुष्यात माझ्या मताला असा मान कुणी दिला नव्हता. घरात तर नाहीच नाही. मी सुटलो! "आता फोन लागणार नाही. आता राष्ट्राध्यक्ष भाषण करणार. आता कुत्रं भुंकणार आणि लाट येणार." फोन लागला नाही, भाषण झालं, कुत्रं भुंकलं, लाट आली! आजी दर वेळी टाळी वाजवत होत्या.

मागून आवाज आला, "काका, आम्ही पिक्चरचं तिकीट काढलंय. भविष्य बघायला वेगळे जाऊ."

मी वळून काही बोलणार, तेवढ्यात वासंतीनं मूठभर सुपारी माझ्या तोंडात कोंबली. तेव्हाच आजी पडद्याकडे बोट दाखवून ओरडल्या, "ही बगा, माज्या तांबडीवानी!" नायकाच्या आईच्या अंगणात एक कोंबडी दाणे टिपत होती. तोंड भरलेलं, त्यामुळे मी नुसती मान डोलावली.

इंटरव्हलला शाल्मलीनं मला पॉपकॉर्नच्या काउंटरमागे ओढलं.

"बाबा, काय चालवलंयस तू? तो तिकडे एकटा जाऊन उभा राहिलाय. म्हणतो, काकांना सगळं आधीच कळतंय, म्हणजे आम्ही दीड वर्ष केलं काय!"

"अगं, पण गोष्ट काय त्यानं लिहिलीय?"

"तसं नसतं रे बाबा!" तिचे डोळे भरून आले होते. "मला त्याच्याशीच लग्न करायचंय. दुसऱ्या कुणाशी नाही. आणि ते आज तुझ्या तोंडामुळे मोडणार!"

ही पोरगी लहानपणी गुडघा फुटला तरी रडायची नाही. मी ठरवलं, आता भविष्य बंद! रणजितचं काम शोधायचं आणि पोटभर कौतुक करायचं.

उत्तरार्धात मी पडद्याकडे असं बघत होतो की तसं परीक्षेच्या पेपरकडेही कधी बघितलं नव्हतं. ते यान त्याचं असेल? का तो आठ हातांचा प्राणी? का बुडणारं शहर?

"पाव्हनं, आता काय हुतंय?" आजींनी कोपर मारलं.

"माहीत नाही, आजी."

"आँ? मगाशी तर समदं येत हुतं!"

मी आणखी एक सुपारी तोंडात टाकली. पलीकडे रणजित कान टवकारून बसलेला.

"रुसला का काय?" आजी. मग जरा थांबून, "माज्याशी बोलायचं न्हाई का तुमास्नी?"

घ्या! बोललो तर मुलगा खचतो, गप्प बसलो तर आजी बिथरतात! त्या एसीतसुद्धा माझा शर्ट पाठीला चिकटला. पडद्यावर नायक जग वाचवायला धावत होता, पण खरं सांगतो, त्याच्यापेक्षा माझी अवस्था वाईट होती. त्याला निदान ते एक बटण तरी सापडलं!

जग वाचलं. बायको परत आली. आम्ही रस्ता ओलांडून अमृततुल्यात शिरलो. चहा आला. आजींनी माझ्याकडे पाठ करून बशीत चहा ओतला. लक्षण काही ठीक दिसत नव्हतं.

"काका," रणजित म्हणाला, "ओळखलंत?"

"अर्थात! ते यान! काय यान होतं!"

"ते कॅनडातल्या कंपनीनं केलं."

"हो हो, म्हणजे मी त्या प्राण्याबद्दल बोलतोय. त्याचे ते आठ हात, वा!"

"ते दुसऱ्या टीमचं."

"लाट! ती लाट तुमचीच! मी भिजलो अहो!"

"नाही, काका." त्याचा आवाज बारीक झाला. "राहू दे. कुणाच्याच लक्षात येत नाही ते."

शाल्मली कपात बघत होती. वासंती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या त्या बघण्यापेक्षा लाट परवडली असती! माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. इंटरव्हलपासून दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

"मग उरलं काय तिथे?" मी ओरडलो. "अहो, खरं सांगू? यान पत्र्याचं वाटत होतं! प्राणी रबराचा! लाटेत पाण्यापेक्षा फेसच जास्त! अख्ख्या पिक्चरमध्ये एकच जिवंत गोष्ट होती, ती कोंबडी! जग बुडतंय आणि ती आपली पायानं माती उकरतेय, मान वाकडी करून बघतेय! तुम्ही सगळ्यांनी मिळून कंप्युटरवर जे काय केलंत ना, त्या सगळ्यापेक्षा ती एक खरी कोंबडी भारी होती!"

चहावाल्यानं गॅस बारीक केला. शाल्मलीनं डोळे मिटले. मोडलं! मुलीचं लग्न मी एका कोंबडीपायी मोडलं!

रणजित उठला. मी खुर्ची मागे सरकवली. आणि तो वाकला तो थेट माझ्या पायांवर!

"काका, ती कोंबडी माझी!"

"तुमची म्हणजे?"

"मीच केली! पीस न् पीस! आमच्या दारातल्या तांबडीवरून. आमच्या कामात बघणाऱ्याला खरं वाटलं आणि आपण दिसलोच नाही, तर जिंकलो! एवढ्या मोठ्यानं कुणी असं म्हणालं नव्हतं हो आजवर!" शाल्मली हसत होती आणि रडतही होती. आणि खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं.

मी मिशीवरून हात फिरवला. "तेच तर! मला बघताक्षणीच ती कोंबडी वेगळी वाटली होती."

"अहो, पुरे," वासंती म्हणाली.

पण आजी आता माझ्याकडे वळून बसल्या होत्या. "पाव्हनं, म्हंजी ती माजी तांबडीच की! ह्येचा पुढला भाग बी हाय म्हनं?"

"आहे, आजी. दिवाळीत येतोय," रणजित म्हणाला.

"त्यात तिचं काय हुतंय? तुमास्नी समदं आदी कळतं. सांगा."

मला कुणी मत विचारलंय आणि मी थांबलोय, असं झालेलं नाही! मी छाती फुगवली. "आजी, तिच्या पिसालाही धक्का लागत नाही. पिक्चर कोंबडीवरच संपतो. दिगंबर केतकरचा शब्द आहे!"

आजींनी बशी खाली ठेवली. "मंग माजा बी शब्द हाय. पोरगी आमची. पिच्चर बगू, तांबडीची वटी भरू, आन् मगच हळद लावू. शब्दाचा पक्का असला मानूस तर सोयरीक टिकते."

टाळ्या झाल्या, पेढे आले, चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. पुण्यात! मी असा काही तरंगत पार्किंगमध्ये आलो की विचारू नका. तिथे रणजित स्कूटरपाशी उभा होता. चेहरा पांढराफटक.

"काका, कंपनीचा करार आहे. पुढच्या भागातलं काहीही मला सांगता येत नाही."

"मग नका सांगू! मला कळतंच."

"नाही, पण..." त्यानं आजूबाजूला बघितलं आणि कपाळावरचा घाम पुसला. "शब्द द्यायच्या आधी तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं."

हॉल मार्गशीर्षातला मिळालाय. पत्रिका छापायला गेल्यात. आणि सायन्स फिक्शनमध्ये कोण मरतं न् कोण जगतं याचं सोयरसुतक नसलेला मी, एका कोंबडीसाठी देव पाण्यात ठेवून बसलोय!